युद्धातील वैमानिकांची मेंढीच्या कातड्याची जॅकेटे: ओळख आणि जतन

जमिनीवर तापमान १५ अंश सेल्सिअस असते तेव्हा २०,००० फुटांवर ते साधारण उणे २५ अंशांपर्यंत आणि २५,००० फुटांवर उणे ३५ अंशांपर्यंत उतरलेले असते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बर विमाने याच उंचीवर तासन् तास उडत होती. त्यांपैकी बहुतेकांत आजच्या प्रवासी विमानांसारखा हवेचा दाब राखला जात नव्हता, आणि ऊब असलीच तर ती विमानाच्या काही भागांपुरती होती. अमेरिकी बी-१७ विमानाच्या मध्यभागी दोन्ही बाजूंच्या तोफा उघड्या खिडक्यांतून डागाव्या लागत. ब्रिटिश लँकेस्टरच्या शेपटाकडे बसणारे अनेक तोफची रात्रीच्या अंधारात स्पष्ट दिसावे म्हणून समोरचा पारदर्शक पत्रा काढूनच टाकत, आणि मग बोचरा वारा थेट अंगावर घेत. हिमदंशाने बोटे गमावलेल्या माणसांची संख्या इतकी होती की अंगावरचे कपडे हा त्या काळी हवाई दलांच्या दृष्टीने शस्त्रांइतकाच गंभीर प्रश्न होऊन बसला. मेंढीच्या कातड्याचे उड्डाण-जॅकेट हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होते. आज ती जॅकेटे ऐंशी वर्षांहून जुनी झाली आहेत, आणि जी उरली आहेत त्यांचे नुकसान काळापेक्षा माणसाच्या हौसेने अधिक होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेल चोळणे, रंग देणे, नवी चेन बसवणे, थंडीत घालून मिरवणे, या सगळ्यांत प्रेमच असते. पण जॅकेट मात्र त्यानेच संपते. असे का होते, हे समजायचे तर ही वस्तू कशाची आणि कशी बनली आहे, तिथून सुरुवात करावी लागते.

जॅकेटाचा जन्म

पहिल्या महायुद्धात वैमानिक उघड्या विमानात बसत आणि लांब चामडी कोट किंवा सिडनी कॉटन या वैमानिकाने १९१७ मध्ये तयार केलेला 'सिडकॉट' हा अंगभर पोशाख घालत. पुढच्या पिढीचे सर्वांत प्रसिद्ध जॅकेट लेस्ली अर्व्हिन या अमेरिकी माणसाच्या नावाने ओळखले जाते. अर्व्हिन मुळात साहसी कसरती करणारा कलाकार होता. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मॅककुक फील्ड येथे त्याने विमानातून उडी मारून, काही अंतर मोकळे कोसळल्यावर, स्वतःच्या हाताने दोरी ओढून हवाई छत्री उघडून दाखवली. माणूस असा कोसळताना शुद्धीवर राहूच शकत नाही, हा तोवरचा समज त्या उडीने खोटा ठरवला. त्यानंतर त्याने छत्र्या बनवणारी कंपनी काढली आणि १९२६ मध्ये इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात लेचवर्थ येथे कारखाना सुरू केला. ज्यांचे प्राण त्याच्या छत्रीने वाचले त्यांना सोन्याच्या सुरवंटाची छोटी पिन देण्याची प्रथाही त्याचीच. छत्रीचे रेशीम सुरवंटापासून येते, म्हणून सुरवंट.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीस याच कंपनीने ब्रिटिश हवाई दलासाठी मेंढीच्या कातड्याचे जॅकेट तयार केले. लोकर आत, कातडे बाहेर, रुंद कॉलर, कमरेला कापडी नव्हे तर चामडी पट्टा आणि बाह्यांना मनगटापासून वर जाणारी चेन, जेणेकरून लांब हातमोजे आत सारता येतील. बाहेरून त्याला एकही खिसा नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. युद्ध सुरू झाल्यावर मागणी इतकी वाढली की कंपनीशिवाय अनेक उपकंत्राटदारांकडून ही जॅकेटे शिवून घेतली गेली. १९४०च्या ब्रिटनवरील हवाई लढाईच्या छायाचित्रांत विमानतळाच्या गवतावर इशाऱ्याची वाट पाहत पडलेले तरुण वैमानिक याच जॅकेटांत दिसतात. प्रत्यक्ष स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या अरुंद आसनात मात्र ते जाडजूड जॅकेट अनेकांना अडचणीचे वाटे. त्याचा खरा उपयोग झाला तो बॉम्बर विमानांतल्या माणसांना.

अमेरिकेत याला समांतर अशी स्वतंत्र परंपरा होती. १९३४ मध्ये स्वीकारलेले बी-३ हे जाड लोकरीचे, कॉलर गळ्याशी दोन पट्ट्यांनी आवळता येणारे जॅकेट. १९३९ चे बी-६ थोडे हलके. आणि पुढे भूदल व नौदल या दोघांसाठी एकत्र ठरवलेले एएन-जे-४. १९४३ नंतर विजेच्या तारांनी उबवलेले अंतर्वस्त्र आणि अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचे अस्तर असलेली कापडी जॅकेटे आली, आणि मेंढीचे कातडे हळूहळू मागे पडले. ब्रिटनमध्ये मात्र अर्व्हिन पद्धतीची जॅकेटे युद्धानंतरही काही वर्षे दिली जात होती. त्यामुळे 'अस्सल' आणि 'युद्धकालीन' हे दोन शब्द एकच आहेत असे समजू नये. १९५०च्या दशकातले जॅकेटही अस्सल असू शकते.

हे कातडे वेगळे का आहे

लोकर उबदार असते ती तिच्या केसांच्या वळ्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. घामेजलेल्या शरीरावर गोठवणारी हवा येत असताना हा गुण अतिशय मोलाचा ठरतो. या जॅकेटांसाठी एकदा कातरलेल्या आणि मग लोकर एकसारखी वाढू दिलेल्या मेंढीचे कातडे वापरतात. कातड्याची मांसाकडची बाजू बाहेर येते, आणि तिच्यावर तपकिरी रंगाचा लेप दिलेला असतो.

खरी गोम कातड्याच्या रचनेत आहे. कोणत्याही कातड्यात वर केसांच्या मुळांचा पातळ थर आणि खाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा जाड, गुंतागुंतीचा थर असतो. गाई-म्हशींच्या कातड्यात हे दोन थर एकमेकांत घट्ट गुंफलेले असतात. मेंढीच्या अंगावर लोकर दाट, म्हणून केसांची मुळे दाट, त्यांच्याजवळच्या ग्रंथीही दाट आणि चरबीही भरपूर. कातडे कमावताना ही चरबी निघून जाते आणि दोन थरांच्या मध्ये पोकळ, सैल पट्टा उरतो. त्यामुळे मेंढीचे कातडे ताणले की फाटण्याआधीच आतून सुटू लागते. जुन्या जॅकेटाच्या काखेत किंवा कोपरावर लोकरीचा झुपका पातळ पापुद्र्यासकट हातात येतो, तो याच कारणाने. म्हशीच्या चामड्याच्या बुटाला जी दुरुस्ती सहज मानवते ती येथे चालत नाही, कारण ताण सोसणारा थरच मुळात नाजूक आहे.

दुसरी गोष्ट कमावण्याची. कच्चे कातडे कुजते. ते कुजू नये म्हणून कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांशी रासायनिक टाके घालावे लागतात. हे टाके दोन मुख्य प्रकारांनी घालतात. झाडांच्या साली आणि फळे वापरून, जसे कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. किंवा क्रोमियमचे क्षार वापरून. क्रोमचे कातडे मऊ, लवचिक आणि उष्णतेला टिकाऊ असते. वनस्पतींनी कमावलेले कातडे कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरी हवेतील गंधकाचे वायू शोषते, आतल्या आत आम्ल तयार होते, आणि शेवटी पृष्ठभागाची लालसर भुकटी होऊन बोटांना लागू लागते. जॅकेट कोणत्या पद्धतीचे आहे हे नुसते बघून ठरवता येत नाही, आणि अनेक तुकड्यांच्या जॅकेटात सगळे तुकडे सारखे निघतीलच असेही नाही. म्हणूनच 'चामड्यासाठी उत्तम' असे लिहिलेली बाटली बिनधास्त उघडू नये.

कातड्याची अवस्था मोजण्याचे संवर्धकांचे, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञांचे, एक माप आहे, ते समजून घेण्यासारखे आहे. कोलॅजनचे तंतू पाण्यात भिजवून हळूहळू तापवले तर एका ठरावीक तापमानाला ते एकदम आक्रसतात. कच्च्या कातड्यात हे तापमान ६० ते ६५ अंशांच्या आसपास असते, वनस्पतींनी कमावलेल्या कातड्यात साधारण ७५ ते ८५, आणि चांगल्या क्रोमच्या कातड्यात १०० अंशांच्या आसपास किंवा वर. कातडे जसजसे जुने आणि जर्जर होते तसतसे रासायनिक टाके उसवत जातात आणि हे तापमान घसरते. फार खराब झालेल्या कातड्यात ते ४० अंशांच्याही खाली येऊ शकते. म्हणजे जे जॅकेट एकेकाळी उकळत्या पाण्याच्या जवळपास टिकले असते, ते आज भिजलेल्या अवस्थेत नुसत्या कडक उन्हात ठेवले तरी कायमचे आखडून खापरीसारखे कडक होऊ शकते. संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली सुटलेल्या दोन-चार तंतूंवर ही चाचणी करतात. घरी ती करता येत नाही, पण तिच्यातून मिळणारा नियम घरी पाळता येतो: ओल आणि उष्णता एकत्र येऊ द्यायची नाही. केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री, हीटर, गच्चीवरचे ऊन, यांपैकी काहीही भिजलेल्या जॅकेटाजवळ नेऊ नये.

जॅकेट वाचायला शिकणे

संग्रह करणाऱ्याने पैसे देण्याआधी जॅकेट नीट वाचले पाहिजे. आधी तुकडे पाहावेत. युद्धाच्या सुरुवातीच्या अर्व्हिन जॅकेटांत पाठ आणि बाह्या मोठ्या, अखंड तुकड्यांच्या असतात. पुढे कातड्याची टंचाई झाल्यावर लहान तुकडेही वाया जाऊ नयेत म्हणून पाठ, बाह्या आणि पुढचे भाग अधिक तुकड्यांतून जोडले गेले, आणि शिवणींवर चामड्याच्या अरुंद पट्ट्या लावून त्या झाकल्या गेल्या. पुष्कळ तुकड्यांचे जॅकेट हे हलक्या दर्जाचे नव्हे. ते युद्धाच्या टंचाईचा पुरावा आहे, आणि मला तर अशी जॅकेटे अधिक बोलकी वाटतात.

चेनकडे भिंगातून पाहावे. ब्रिटिश जॅकेटांवर 'एअरो', 'डॉट', 'लाइटनिंग' अशी नावे, आणि अमेरिकी जॅकेटांवर 'टॅलन', 'क्राउन', 'कॉनमार' अशी नावे सरकपट्टीवर कोरलेली आढळतात. त्या जागी वायकेके या आजच्या कंपनीची चेन दिसली, तर चेन नंतर बदललेली आहे किंवा संपूर्ण जॅकेटच नंतरचे आहे. चेन बदलली म्हणून जॅकेट खोटे ठरत नाही, पण बदलताना शिवण उसवावी लागते, आणि उसवलेल्या शिवणीची जुनी भोके नव्या टाक्यांच्या शेजारी रिकामी उरतात.

हीच गोष्ट लेबलाची. ब्रिटिश लेबलावर बहुधा आकार, कंत्राटदार आणि हवाई दलाच्या कोठारातील क्रमांक असतो. उड्डाणाच्या कपड्यांचा विभाग २२सी हा होता. अमेरिकी लेबलावर जॅकेटाचा प्रकार, आराखड्याचा क्रमांक, मागणीचा क्रमांक आणि कारखान्याचे नाव विणलेले असते. लेबले आज हुबेहूब विणून मिळतात, म्हणून मजकुरापेक्षा लेबलाच्या कडेकडे पाहावे. खऱ्या लेबलाखालचे कातडे किंवा लोकर आजूबाजूपेक्षा उजळ राहिलेली असते, कारण तिथे ऐंशी वर्षे उजेड आणि मळ पोहोचलेला नाही. टाक्यांची भोके एकाच रांगेत असतात, आणि दोरा मळून लेबलाच्याच रंगाचा झालेला असतो. लेबल पांढरेफटक आणि भोवतालची भोके दोन रांगांत असतील, तर एक लेबल काढून दुसरे शिवले गेले आहे.

अतिनील किरणांची छोटी बॅटरी जवळ असणे उपयोगी पडते. युद्धानंतर, विशेषतः १९५०च्या दशकापासून, कापड आणि दोरे अधिक पांढरे दिसावेत म्हणून त्यांत एक चमक आणणारे रसायन मिसळले जाऊ लागले. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाश टाकला की असा दोरा निळसर पांढऱ्या तेजाने उजळतो. जुना सुती दोरा मंद राहतो. एक सावधगिरी मात्र हवी: नंतर कुणी आधुनिक साबणाने एखादा भाग धुतला असेल तर तोही चमकतो. म्हणून चमक नेमकी कुठे आहे हे पाहावे. फक्त एका बाहीच्या शिवणीत चमक असेल तर ती दुरुस्ती; सर्व शिवणींत असेल तर जॅकेटच नवे. सुटलेला दोऱ्याचा तुकडा मिळाला तर तो जाळूनही पाहता येतो: सुताची कागदासारखी राख होते, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर बाजारात आले ते युद्धानंतर.

अलीकडे स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील काही कारखाने अतिशय निगुतीने अशी जॅकेटे बनवतात. ती फसवणुकीसाठी नसतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या हाताला गेल्यावर त्यांवर जुने लेबल चढू शकते. अंगावर घालायचे जॅकेट हवे असेल त्याने हेच नवे घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. जुने जॅकेट घालून हात वर केला, मोटारीच्या सीटवर टेकला, पट्टा आवळला, की काखेतील आणि पाठीवरील सैल थरांवर ताण येतो. जी झीज एका दिवसात दिसत नाही ती एका हिवाळ्यात दिसते, आणि ती परत भरून निघत नाही.

जॅकेटाबरोबर येणारी कहाणीही तपासावी. 'हे अमक्या वैमानिकाचे' या वाक्याने किंमत कैक पटींनी वाढते. उड्डाणाची नोंदवही, त्याच जॅकेटातील छायाचित्र, कॉलरखाली किंवा पट्ट्यावर शाईने लिहिलेले नाव, अशा गोष्टी एकमेकांशी जुळल्या तरच कहाणीला आधार मिळतो. युद्धानंतर हवाई दलांनी शिल्लक कपडे मोठ्या प्रमाणावर विकले, आणि ब्रिटनमध्ये ही जॅकेटे मोटरसायकल चालवणाऱ्यांच्या अंगावर वर्षानुवर्षे दिसत राहिली. त्यामुळे आज हाती येणाऱ्या अनेक जॅकेटांवरचे तेलाचे डाग विमानाच्या इंजिनाचे नसून मोटरसायकलचे असतात. भारतीय घरात असे जॅकेट निघणेही अशक्य नाही. १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला गेले, आणि त्यांतले महिंदरसिंग पुजी यांनी हरिकेन विमानातून लढाऊ उड्डाणे केली. मात्र भारतीय हवाई दलाच्या बहुतेक वैमानिकांचे युद्ध ब्रह्मदेशाच्या दमट जंगलांवर, कमी उंचीवर झाले. त्या आघाडीवरच्या माणसाचे म्हणून जाड लोकरी जॅकेट विकायला आले, तर आधी कागदपत्रे मागावीत.

शत्रू: ओल, कसर, धातू आणि आपले हात

या जॅकेटांसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी धरते. ३०-३५ टक्क्यांच्या खाली कातडे कडक होते आणि लेपाला भेगा पडतात. सर्वांत वाईट म्हणजे चढउतार, कारण कातडे फुगते-आकसते पण वरचा जुना लेप तितका फुगत-आकसत नाही. अमेरिकी जॅकेटांवरचा रोगणासारखा जाड लेप खपलीसारखा सुटतो, तो यामुळेच. लंडनमधील घरात मध्यवर्ती हीटिंगमुळे हिवाळ्यात हवा कोरडी होते. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. आपल्याकडे असे जॅकेट ठेवायचे असेल तर वातानुकूलित खोलीत, भिंतीपासून दूर, हवेची आर्द्रता दाखवणारे साधे मापकयंत्र शेजारी ठेवून ठेवावे, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वेळच्या वेळी वाळवून बदलाव्यात. प्लास्टिकचे बंद आवरण कधीही घालू नये. आत ओल साठते. खळ काढून धुतलेल्या जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळावे.

लोकरीची कसर हा दुसरा शत्रू. फिकट सोनेरी रंगाचा छोटा पतंग स्वतः काही खात नाही. त्याच्या अळ्या केराटिन, म्हणजे लोकरीचे प्रथिन, पचवू शकतात. त्यांना अंधार, शांतता आणि मळ आवडतो, म्हणून घाम आणि कातडीचे तेल लागलेली कॉलर व काखा आधी कुरतडल्या जातात. लोकर मुळापासून कापल्यासारखी टकले पडतात आणि आसपास रेशमी धाग्यांच्या नळ्या दिसतात. केसाळ, तपकिरी कातीसारखी सालटे दिसली तर ते काम पतंगाचे नसून गालिच्याच्या छोट्या भुंग्याच्या अळीचे आहे. डांबर गोळ्या टाकण्याची आपली सवय येथे सोडावी. त्यांचा वास लोकरीत वर्षानुवर्षे राहतो, वाफ माणसाला हानिकारक असते, आणि अळ्या मारायला लागणारी दाटी साध्या कपाटात तयारच होत नाही.

संग्रहालये गोठवण्याची पद्धत वापरतात, आणि ती घरी करता येते. जॅकेट सुती कापडात गुंडाळावे, मग जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून आतली हवा जमेल तितकी काढावी आणि तोंड चिकटपट्टीने पूर्ण बंद करावे. उणे ३० अंशांना तीन दिवस पुरतात. घरगुती डीप फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपासच असतो, म्हणून तिथे किमान दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. थंड वस्तूवर हवेतील पाणी जमते. ते जॅकेटावर जमण्याऐवजी पिशवीच्या बाहेर जमावे म्हणून पूर्ण एक दिवस पिशवी तशीच राहू द्यावी. गोठलेले जॅकेट घडी करू नये, उचलतानाही खालून पाटी घालून उचलावे, कारण थंडीत लेप ठिसूळ होतो. त्यानंतर अळ्यांचे अवशेष काढण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर नायलॉनची जाळी ताणून, सर्वांत कमी जोरावर, मऊ कुंचल्याने लोकर सारत सारत साफ करावी.

चेनच्या पितळी दातांभोवती कधीकधी मेणासारखा हिरवा थर जमतो. कातड्यातील चरबीची आम्ले आणि पितळेतील तांबे यांच्या संयोगातून तो बनतो. कातडे चमकदार दिसावे म्हणून जितके तेल चोळाल तितका हा हिरवा थर वाढेल. तो बांबूच्या किंवा लाकडाच्या टोकदार काडीने, कोरड्यानेच खरवडावा. चेन जबरदस्तीने ओढू नये. ती उघडली नाही तरी चालते, प्रदर्शनासाठी अर्धी उघडी चेन पुरेशी आहे.

तेलाबद्दल अधिक सांगायला हवे, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच झाले आहे. कातडे सुके दिसते म्हणून त्याला तेल हवे, असे वाटणे साहजिक आहे. पण जुन्या कातड्याचा कडकपणा बहुतेक वेळा तेलाच्या अभावाने नव्हे, तर तंतूंच्या रासायनिक विघटनाने आलेला असतो. तेलाने ते विघटित तंतू पुन्हा सांधले जात नाहीत. तेल मात्र लेपातून सैल थरात शिरते, कातडे काळवंडते, धूळ चिकटते, बुरशीला खाद्य मिळते, आणि काही तेले हवेत सावकाश घट्ट होऊन चिकट रोगण बनतात. शिवाय ते लोकरीच्या मुळांपर्यंत पोहोचले की लोकर गुठळ्यांत बांधली जाते. पूर्वी संग्रहालयेही चामड्याला मलम लावत. आज बहुतेक संवर्धकांनी ते सोडून दिले आहे. साबणाचे पाणी, ड्राय क्लीनिंग आणि रंगाची फवारणी यांबाबतही हेच. रंग उडून फिकट झालेली कॉलर हे जॅकेट कसे वापरले गेले याचे चिन्ह आहे; तिला पुन्हा तपकिरी करणे म्हणजे ते चिन्ह पुसणे.

ठेवण्याची जागा सपाट असावी. जॅकेट वजनदार असते, आणि हँगरवर लटकवले की सगळे वजन खांद्याच्या शिवणींवर येते. रुंद फळीवर आडवे ठेवावे, बाह्यांत आणि कॉलरच्या वळणात आम्लमुक्त, कोणताही क्षार न मिसळलेल्या पातळ कागदाच्या सैल गुंडाळ्या भराव्यात. काही संवर्धन-कागदांत मुद्दाम क्षार मिसळलेला असतो, तो लोकर आणि कातड्यासाठी योग्य नाही. प्रदर्शनात उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवावा. त्याहून जास्त उजेडाने लेपाचा रंग आणि लोकर दोन्ही खराब होतात.

फाटल्यावर

फाटलेल्या जागेचे काम अवघड होते ते लोकरीमुळे. आतून ठिगळ चिकटवायचे तर चिकटवणार कशावर? आत तर दाट केस. म्हणून संवर्धक फाटीच्या दोन कडा उचलून, चिमट्याने लोकर बाजूला सारून, कातड्याच्या आणि लोकरीच्या मुळांच्या मध्ये जपानी कागदाची किंवा न विणलेल्या पॉलिएस्टर कापडाची पातळ पट्टी सरकवतात. पट्टी आधी कातड्याच्या रंगाची रंगवलेली असते आणि तिच्या कडा कापलेल्या नसून फाडलेल्या असतात, म्हणजे जाडी हळूहळू कमी होत जाते आणि वरून उंचवटा दिसत नाही. चिकटवण्यासाठी चित्रकृतींच्या दुरुस्तीतून आलेले बेवा ३७१ सारखे पदार्थ वापरतात, जे पुढे गरज पडल्यास काढून टाकता येतात. बेवा साधारणपणे ६५ अंशांच्या आसपास तापवून चिकटवतात. पण कातड्याचे आक्रसण्याचे तापमान घसरलेले असेल तर तेवढी उष्णताही धोक्याची ठरते, आणि मग विद्रावकाने, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाने, ते सक्रिय करावे लागते. हा निर्णय चाचणी केल्याशिवाय घेता येत नाही, म्हणून मोठी फाट प्रशिक्षित संवर्धकाकडेच द्यावी. शिवणकामाच्या यंत्रावर तर अशी फाट कधीच घालू नये. सुईची भोके ओळीने पडतात, आणि मेंढीचे कातडे त्या ओळीवरच पुढे उभे फाटते.

काही बदलावेच लागले, उदाहरणार्थ गंजून तुटलेली चेन किंवा कुजलेला दोरा, तर काढलेला प्रत्येक भाग लिफाफ्यात घालून तो कुठून, कधी आणि का काढला हे लिहून जॅकेटाबरोबरच ठेवावे. काम सुरू करण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, त्यांत मोजपट्टी ठेवावी, आणि लेबल, चेन, काखा, कॉलरखालचा भाग यांची जवळून वेगळी छायाचित्रे असावीत. दरवर्षी त्याच जागांची पुन्हा छायाचित्रे घेतली की टकले वाढले का, भेग लांबली का, हिरवा थर परत आला का, हे नजरेच्या भरवशावर न राहता ताडून पाहता येते. आणि जॅकेट पुढे दुसऱ्याकडे गेले तर त्यालाही कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा हे कागदावरच मिळते.